पायथनमधून सी++ चा ऑब्जेक्ट नीट जन्माला घालताना

प्रोग्राम चालू असतो आणि पुढच्या क्षणी नसतो. ट्रेसबॅक नाही, ओळीचा नंबर नाही, टर्मिनलवर फक्त ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोन शब्द. पायथनला सी किंवा सी++ ची लायब्ररी जोडायला बसलेल्या माणसाला हे दृश्य लवकरच दिसतं. मग तो जिथे क्रॅश झाला तिथलं फंक्शन खोदत बसतो. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा त्याच्या बराच आधी, ऑब्जेक्ट तयार झाला त्या ओळीत असतो. ऑब्जेक्ट अर्धाच बनलेला असतो आणि ते कोणी सांगितलेलं नसतं.

हा लेख दोन भाषा पहिल्यांदाच जोडणाऱ्यांसाठी आहे. मुख्य उदाहरण पायथन आणि सी++ चं घेतलं आहे. जावा आणि ऑब्जेक्टिव्ह-सी यांच्याकडे शेवटी थोडक्यात वळू. फंक्शनांची नावं देवनागरीत लिहिली आहेत, उच्चारावरून मूळ नाव लगेच ओळखू येईल. पूर्ण लेखभर एकच प्रश्न हाताशी ठेवा: या क्षणी हा ऑब्जेक्ट किती पूर्ण आहे, आणि उरलेलं कोण पूर्ण करणार?

## पायरी १: दोन्ही भाषांची रीत आधी समजून घ्या

सी++ मध्ये जागा मिळणं आणि कन्स्ट्रक्टर चालणं या गोष्टी कंपायलर एकत्र बांधून ठेवतो. आधी बेस क्लासचा कन्स्ट्रक्टर, मग मेंबर ज्या क्रमाने जाहीर केले त्या क्रमाने, आणि शेवटी कन्स्ट्रक्टरचा स्वतःचा मजकूर. मध्येच एक्सेप्शन आला तर तोवर बनलेले भाग मोडले जातात आणि ऑब्जेक्ट जन्मालाच आला नाही असं धरलं जातं. त्यामुळे सी++ च्या मेथडला आपला ऑब्जेक्ट पूर्ण आहे असं गृहीत धरायची सवय असते.

पायथनमध्ये हेच काम दोन टप्प्यांत होतं. `__न्यू__` ऑब्जेक्ट बनवतो, `__इनिट__` त्यात माल भरतो. क्लासला कॉल केला की दोन्ही ओळीने चालतात, म्हणून ते एकच आहेत असं वाटतं. पण `__न्यू__` थेट बोलवता येतो, आणि मग `__इनिट__` चालतच नाही. सबक्लासने स्वतःचा `__इनिट__` लिहून पालकाचा बोलवायचा राहिला, तर पालकाचा चालत नाही. उलट, तयार ऑब्जेक्टवर `__इनिट__` पुन्हा बोलवायलाही पायथन अडवत नाही. थोडक्यात, `__इनिट__` शून्य वेळा, एकदा किंवा अनेकदा चालू शकतो.

निव्वळ पायथनमध्ये याने फारसं बिघडत नाही. फार तर अ‍ॅट्रिब्यूट सापडलं नाही अशी एरर येते आणि ओळीचा नंबर मिळतो. दोन भाषांना जोडणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे पुलावर, मात्र त्या अ‍ॅट्रिब्यूटच्या जागी पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, असतो, आणि भरायचा राहिलेला पॉइंटर वापरला की प्रोसेसच जाते.

## पायरी २: पायथनच्या पोटात फक्त एक पॉइंटर ठेवा

सी एपीआय (पायथनने सी कोडसाठी दिलेली फंक्शनं) वापरून नवा टाइप लिहिताना तुम्ही एक स्ट्रक्ट बनवता. त्याच्या सुरुवातीला पायथनचा स्वतःचा भाग असतो, रेफरन्स काउंट (ऑब्जेक्ट किती जागी वापरात आहे तो आकडा) आणि टाइप, आणि मागोमाग तुमची फील्ड. नवखा माणूस इथे हौसेने सी++ ची स्ट्रिंग किंवा व्हेक्टर थेट ठेवून देतो. ती जागा पायथनचा अ‍ॅलोकेटर देतो, आणि त्याला सी++ चे कन्स्ट्रक्टर ठाऊकच नसतात. `टीपी_अ‍ॅलॉक` हे जागा देणारं फंक्शन साधारणपणे सगळे बाइट शून्य करून देतं, एवढंच. शून्यांनी भरलेली जागा म्हणजे बनलेली स्ट्रिंग नव्हे. एखाद्या कंपायलरवर ती योगायोगाने चालतेही, आणि तेच जास्त घातक, कारण टेस्ट पास होतात आणि दुसऱ्या मशिनवर कोसळतं.

यावर प्लेसमेंट न्यू हा उपाय आहे: दिलेल्या जागेवर कन्स्ट्रक्टर हाताने चालवायचा आणि नष्ट करताना डिस्ट्रक्टरही हातानेच. तो बरोबरच आहे, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. स्ट्रक्टमध्ये सी++ च्या ऑब्जेक्टकडे नेणारा एकच साधा पॉइंटर ठेवा. शून्य बाइट म्हणजे नल पॉइंटर, आणि ‘अजून काही बनलेलं नाही’ ही अवस्था नेमकी तशीच दिसायला हवी असते.

एक गोष्ट नीट बघा: जागा कोण देतं? `पायऑब्जेक्ट_न्यू` ने घेतलेल्या ऑब्जेक्टची तुमची फील्ड शून्य केलेली नसतात, त्यांत जुना कचरा असू शकतो. तो मार्ग वापरत असाल तर पुढच्याच ओळीत प्रत्येक फील्ड हाताने भरा. शिवाय स्थिर पद्धतीने जाहीर केलेला टाइप वापरण्याआधी `पायटाइप_रेडी` बोलवायला विसरू नका. वारशाने मिळणारी फंक्शनं त्या कॉलमध्येच जागेवर बसतात.

## पायरी ३: न्यू मध्ये काय, इनिट मध्ये काय

सी एपीआयमध्ये `__न्यू__` आणि `__इनिट__` यांची कामं `टीपी_न्यू` आणि `टीपी_इनिट` ही फंक्शनं करतात. माझी विभागणी अशी: `टीपी_न्यू` ने ऑब्जेक्ट सुरक्षित करायचा, `टीपी_इनिट` ने उपयोगी करायचा. सुरक्षित म्हणजे या क्षणी तो फेकून दिला तरी काही फुटणार नाही. पॉइंटर नल आहेत, आणि पायथनचे ऑब्जेक्ट ठेवायची फील्ड नल आहेत किंवा रेफरन्स काउंट वाढवून घेतलेल्या नन (पायथनची ‘काही नाही’ ही किंमत) वर आहेत.

खरं काम इनिटमध्ये होतं, आणि तिथे क्रमाला फार महत्त्व आहे. एका सेन्सरचा क्लास आहे असं समजा. त्याचा सांगाडा मी असा लिहितो:

```
इनिट(स्व, पोर्ट):
    प्रयत्न:
        नवा = सी++ चा सेन्सर बनव(पोर्ट)
    कुठलाही सी++ एक्सेप्शन आला तर:
        पायथनचा एक्सेप्शन नोंदव
        -१ परत दे
    जुना = स्व.आतला
    स्व.आतला = नवा
    जुना नष्ट कर
    ० परत दे
```

‘आधी जुना नष्ट कर, मग नवा बनव’ असं का नाही? कारण नवा बनवताना एक्सेप्शन आला तर ऑब्जेक्टच्या हातात मेलेला पॉइंटर उरेल. आधी नवा बाजूला तयार करायचा, मग अदलाबदल, मग जुन्याला निरोप. इनिट दुसऱ्यांदा बोलवला तरी मेमरी गळत नाही, आणि दुसऱ्यांदा फसला तरी पहिला ऑब्जेक्ट शाबूत राहतो. आत पायथनचे ऑब्जेक्ट ठेवले असतील तर हा क्रम आणखीच महत्त्वाचा, कारण जुन्याचा रेफरन्स काउंट कमी करताना त्याचा डिस्ट्रक्टर चालू शकतो, आणि तो डिस्ट्रक्टर कुठलाही पायथन कोड चालवून तुमच्याच ऑब्जेक्टकडे परत येऊ शकतो. त्या वेळी फील्डमध्ये नवी किंमत आधीच बसलेली हवी.

खऱ्या उपकरणाचा पोर्ट एका वेळी एकदाच उघडता येतो. अशा क्लासमध्ये दुसरा इनिट मी सरळ नाकारतो: आतला पॉइंटर आधीच भरलेला दिसला की एरर. वापरणाऱ्याला ते पटकन समजतं.

सायथनमध्ये (पायथनसारखा कोड सी मध्ये बदलून देणारी भाषा) लिहिणाऱ्यांचं काम थोडं सोपं आहे. तिथे `__सीइनिट__` नावाची मेथड आहे आणि ती नेमकी एकदाच, `__इनिट__` च्या आधी चालते याची हमी आहे. पालक क्लासची `__सीइनिट__` आपोआप आधी चालते. म्हणून सी पातळीवरची जागा घेणं, हँडल (उघडलेल्या उपकरणाची किंवा फाइलची खूण) उघडणं ही कामं तिथेच करा. कन्स्ट्रक्टरला दिलेली आर्ग्युमेंट तिलाही जशीच्या तशी मिळतात. उद्या कोणी सबक्लास करून वेगळी आर्ग्युमेंट घेतली तर तक्रार येईल, म्हणून सबक्लासची शक्यता असेल तर ती वाटेल तेवढी आर्ग्युमेंट स्वीकारेल अशी लिहा.

## पायरी ४: दारावर पहारा

इथे मला एक जुना प्रसंग सांगावासा वाटतो. मी लिहिलेल्या अशाच सेन्सरच्या क्लासवरून एका सहकाऱ्याने सबक्लास केला. त्याच्या `__इनिट__` मध्ये एकच ओळ होती: ऑब्जेक्टला नाव द्यायची. पालकाचा इनिट बोलवायचा राहून गेला. ऑब्जेक्ट बिनतक्रार तयार झाला, प्रिंट केला तर नीट दिसला, नावही बरोबर आलं. तीन फाइल पलीकडे कोणीतरी त्यावर ‘वाच’ ही मेथड बोलवली आणि प्रोसेस गेली. मी दोन दिवस ‘वाच’ मधला बफर तपासत बसलो, कारण क्रॅश तिथे होता. बफरमध्ये काहीच चूक नव्हती. आतला पॉइंटर नल होता आणि तो कधी भरलाच गेला नव्हता.

सहकाऱ्याची चूक छोटी होती. मोठी चूक माझी: माझ्या मेथडने पॉइंटर न तपासता वापरला होता. तेव्हापासून पुलावरच्या प्रत्येक मेथडची पहिली ओळ ठरलेली आहे. आतला पॉइंटर मिळवण्यासाठी एक छोटं फंक्शन, तो नल असेल तर रनटाइमएरर, आणि संदेशात स्पष्ट लिहायचं: ‘सेन्सरचा इनिट चाललेला नाही, सबक्लासमधून पालकाचा इनिट बोलवा.’ एका नल तपासणीचा खर्च नगण्य असतो, आणि तिने दोन दिवसांचं काम दोन मिनिटांवर येतं.

पायबाइंड११ (सी++ चे क्लास पायथनला जोडून देणारी लायब्ररी) वापरत असाल तर हा पहारा तयार मिळतो. सबक्लासने पालकाचा इनिट बोलवला नाही तर ऑब्जेक्ट बनतानाच टाइपएरर येते. मात्र पायबाइंड११ मध्ये सबक्लास लिहिताना `सुपर` ऐवजी पालक क्लासचं नाव घेऊन त्याचा `__इनिट__` थेट बोलवावा. सरळ एकेरी वारशात `सुपर` चालून जातो. पण पायथन आणि सी++ मिळून अनेक पालक आले की पायथनचा मेथड शोधण्याचा क्रम आणि सी++ ची रचना जुळत नाहीत आणि एखादा पालक न बनताच राहतो.

## पायरी ५: जन्म फसला तर

फसलेल्या जन्माची वाट बहुतेक जण तपासतच नाहीत. पोर्ट सापडला नाही, फाइल नाही, मेमरी संपली, असं काहीही होऊ शकतं आणि सी++ चा कन्स्ट्रक्टर एक्सेप्शन टाकतो. तो एक्सेप्शन पायथनच्या सी कोडमधून वर जाऊ देऊ नका. पायथनचा गाभा सी मध्ये लिहिलेला आहे, त्याला सी++ चे एक्सेप्शन कळत नाहीत. पुलाच्या सीमेवर सगळं पकडा, त्याचा पायथन एक्सेप्शन करा आणि ठरलेली खूण परत द्या: इनिटमधून -१, न्यू मधून नल. एक्सेप्शन नोंदवून ० परत देणं किंवा न नोंदवता -१ देणं, दोन्ही चुका सारख्याच त्रासदायक असतात.

इनिट फसला तरी न्यू ने बनवलेला ऑब्जेक्ट अस्तित्वात असतो. पायथन त्याचा रेफरन्स सोडतो आणि तुमचा, ऑब्जेक्ट मोडणारा, `टीपी_डीअ‍ॅलॉक` चालतो. म्हणजे डीअ‍ॅलॉकला अर्धवट ऑब्जेक्ट येणार हे धरूनच तो लिहायचा. सी++ चा `डिलीट` नल पॉइंटरवर काही करत नाही, ते सोयीचंच आहे. पायथनच्या फील्डचा रेफरन्स काउंट कमी करायला नल चालवून घेणारा `पाय_एक्सडेकरेफ` वापरा; साधा `पाय_डेकरेफ` नल आला की कोसळतो. न्यू मध्ये सुरुवातीला केलेली नल भरणी इथे कामाला येते.

## पायरी ६: बनता बनता बाहेर फोन करू नका

सी++ च्या बेस क्लासने कन्स्ट्रक्टरमधूनच एखादी व्हर्च्युअल (सबक्लासला बदलता येणारी) मेथड बोलवली आणि ती मेथड पायथनच्या सबक्लासने ओव्हरराइड केली असेल, तर काय होईल? पायथनचं व्हर्जन चालेल असं वाटतं, पण ते चालत नाही. बेसचा कन्स्ट्रक्टर चालू असताना सी++ च्या लेखी तो ऑब्जेक्ट बेसच असतो, पायथनकडे वळवणारा वरचा थर अजून बनलेला नसतो. म्हणून बेसचीच मेथड चालते, आणि ती प्युअर व्हर्च्युअल, म्हणजे बेसमध्ये मजकूरच नसलेली, असेल तर बहुधा प्रोग्राम तिथेच थांबतो. जावात याच्या उलट: तिथे सबक्लासची मेथड चालते, पण सबक्लासची फील्ड अजून शून्य किंवा नलच असतात. दोन भाषांचे नियम असे विरुद्ध असताना कुठल्याही एकावर विसंबून राहू नये. कन्स्ट्रक्टरने फक्त ऑब्जेक्ट उभा करावा. कॉलबॅक नोंदवणं, थ्रेड सुरू करणं, उपकरणाशी बोलायला लागणं हे सगळं ‘सुरू कर’ अशा वेगळ्या मेथडमध्ये काढावं. दुसऱ्या थ्रेडवरून पायथनमध्ये येणाऱ्या कॉलबॅकने आधी जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं पायथनचं कुलूप) घ्यायला हवं, हेही तिथेच सांभाळता येतं.

## पायरी ७: मागचं दार, म्हणजे कॉपी

पायथनसोबत येणारं सीटाइप्स मॉड्यूल वापरून कुठलीही बांधणी न करता सी ची लायब्ररी थेट बोलवता येते, म्हणून अनेकांची सुरुवात तिथून होते. तिथे दोन खड्डे आहेत.

पहिला: फंक्शनचा परतावा काय आहे हे सांगितलं नाही तर सीटाइप्स तो सी चा इंट मानतो. ६४ बिटच्या मशिनवर पॉइंटर ६४ बिटचा आणि इंट साधारण ३२ बिटचा. पॉइंटरचा अर्धा भाग कापला जातो. पत्ता लहान असेल त्या दिवशी सगळं चालतं, नाहीतर नाही. `रेसटाइप` (परताव्याचा टाइप) आणि `आर्गटाइप्स` (आर्ग्युमेंटचे टाइप) दोन्ही प्रत्येक फंक्शनसाठी लिहा, फंक्शन कितीही छोटं असो.

दुसरा खड्डा कमी लोकांना ठाऊक असतो. परतावा व्हॉइड पॉइंटर आहे असं सांगितलं तर हातात पायथनचा साधा पूर्णांक येतो. तो तुम्ही अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवता आणि ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणाऱ्या `__डेल__` मध्ये सी चं ‘बंद कर’ फंक्शन बोलवता. आता कोणी `कॉपी` मॉड्यूलने त्या ऑब्जेक्टची नक्कल केली. नक्कल करताना `__इनिट__` चालत नाही; अ‍ॅट्रिब्यूट तेवढी उचलून ठेवली जातात. एकाच हँडलचे दोन मालक झाले, आणि दोघंही शेवटी ते बंद करणार. पिकल करून, म्हणजे ऑब्जेक्टचे बाइट बनवून, दुसऱ्या प्रोसेसमध्ये पाठवलं तर आणखी वाईट: तिथे तो आकडा म्हणजे कुठलाच पत्ता नाही. म्हणून अशा क्लासमध्ये `__रिड्यूस__` (ऑब्जेक्ट पुन्हा कसा बनवायचा ते सांगणारी मेथड) लिहून टाइपएरर टाका, कॉपी आणि पिकल दोन्हीकडे ती लागू होते. नक्कल खरंच हवी असेल तर त्याच मेथडमधून ‘या आर्ग्युमेंटने नवा बनव’ असं सांगा, म्हणजे प्रत्येक नकलेचा जन्म पुन्हा पुढच्या दारातून होईल.

## इतर पुलांवर

जेएनआय, म्हणजे जावा आणि सी/सी++ यांच्यातला पूल. सी++ मधून जावाचा ऑब्जेक्ट बनवायचे दोन मार्ग दिसतात: `न्यूऑब्जेक्ट` आणि `अ‍ॅलॉकऑब्जेक्ट`. दुसरा कुठलाच कन्स्ट्रक्टर चालवत नाही. विशेष कारण नसेल तर त्याला हात लावू नका. पहिल्याला कन्स्ट्रक्टरचा मेथड आयडी लागतो. त्याचं नाव कोनी कंसात ‘इनिट’ असं असतं, क्लासचं नाव नव्हे, आणि सिग्नेचरमध्ये परतावा व्हॉइड लिहायचा. परत आलेला रेफरन्स नल आहे का आणि एखादा एक्सेप्शन हाताळायचा राहिलेला आहे का, हे पुढच्या जेएनआय कॉलआधी तपासा. तो रेफरन्स लोकल असतो, मेथड संपली की संपतो. जपून ठेवायचा तर ग्लोबल रेफरन्स करून घ्या. अँड्रॉइडवर नेटिव्ह थ्रेडवरून स्वतःच्या अ‍ॅपचा क्लास शोधला तर सापडत नाही, म्हणून क्लासचे ग्लोबल रेफरन्स `जेएनआय_ऑनलोड` मध्येच घेऊन ठेवा. उलट बाजूने सी++ चा पॉइंटर जावात ठेवताना फील्ड `लाँग` हवं, `इंट` नको.

ऑब्जेक्टिव्ह-सी. इथे `अ‍ॅलॉक` आणि `इनिट` हे दोन टप्पे उघडपणे वेगळे आहेत, आणि `इनिट` ला वेगळाच ऑब्जेक्ट किंवा निल परत करायची मुभा आहे. म्हणून परतावा सेल्फमध्ये ठेवणं हा भाषेचा शिरस्ता आहे. पायऑब्जसी (पायथन आणि ऑब्जेक्टिव्ह-सी यांच्यातला पूल) मधून सबक्लास करताना पायथनची सवय नडते: `__इनिट__` ने काही परत द्यायचं नसतं, पण इथल्या `इनिट` ने सेल्फ परत द्यायलाच हवा. आधी सुपरचा इनिट, मग मिळालेला सेल्फ नन आहे का ते बघणं, मग आपली फील्ड, आणि शेवटी सेल्फ परत. ती शेवटची ओळ राहिली की बनवणाऱ्याच्या हातात नन येतो. स्विफ्टमध्ये क्रम उलटा आहे, आधी स्वतःची फील्ड भरायची आणि मग सुपरचा इनिट. सुदैवाने तिथे चुकलं तर कंपायलरच अडवतो.

## पायरी ८: मोडून बघा

तुमचा क्लास कोणाला देण्याआधी एक छोटी टेस्ट फाइल लिहा. नीट बनवलेल्या ऑब्जेक्टची टेस्ट सगळेच लिहितात. इथे मुद्दाम वाकडं वागायचं आहे. `__न्यू__` थेट बोलवा आणि मिळालेल्या ऑब्जेक्टवर एकेक मेथड चालवा. पालकाचा इनिट न बोलवणारा सबक्लास करा. एकाच ऑब्जेक्टवर इनिट दोनदा चालवा, दुसऱ्या वेळी चुकीची आर्ग्युमेंट देऊन, आणि मग मूळ ऑब्जेक्ट अजून चालतो का बघा. फसणारा कन्स्ट्रक्टर हजार वेळा लूपमध्ये चालवून मेमरी वाढते का पाहा. कॉपी करा, पिकल करा. प्रत्येक वेळी पायथनची नीट एरर यायला हवी किंवा काम नीट व्हायला हवं. प्रोसेस एकदाही जाता कामा नये.

टेस्ट चालवताना पायथनचा फॉल्टहँडलर चालू ठेवा, तो ३.३ पासून सोबतच येतो. क्रॅश झाला तरी कुठल्या पायथन ओळीवरून झाला हे तो दाखवतो. एन्व्हायरन्मेंटमध्ये `पायथनमॅलॉक` ची किंमत ‘डीबग’ ठेवली तर पायथनने नव्याने दिलेली जागा ठराविक बाइटने भरली जाते, ३.८ पासून तो बाइट हेक्समध्ये सीडी आहे. डीबगरमध्ये एखादा पॉइंटर सीडीसीडीसीडी असा दिसला, की ते फील्ड कोणीही कधीच भरलेलं नाही, आणि आता न्यू उघडून बघायचं.